रात्रीही असेच वाहते का?

बद्रीनाथच्या तप्तकुंडात स्नान करून, कोरडे लुगडे नेसून बाहेर आल्यावर आत्या मंदिराच्या पायऱ्यांकडे वळली नाही. ती कुंडाच्या भिंतीला वळसा घालून खालच्या बाजूला गेली आणि पाणी जाते कुठे ते पाहत उभी राहिली. भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या मोरीतून वाफाळती धार दगडांवर पडत होती आणि थोड्याच अंतरावर अलकनंदेच्या बर्फाळ पाण्यात मिसळून तिचा मागमूसही उरत नव्हता. पहाटेची वेळ होती, वाफेत दिव्यांचा पिवळा उजेड अडकला होता आणि आमच्या गटातली माणसे दर्शनाच्या रांगेतून आम्हाला हाका मारत होती. आत्याने तिथल्या एका पुजाऱ्याला थांबवून विचारले, "महाराज, हे रातच्यालाबी असंच वाहतं का?" त्याला मराठी समजेना, म्हणून मी मध्ये पडले. तो म्हणाला, रात्रीचे काय घेऊन बसलात, हिवाळ्यात सहा महिने मंदिराचे दरवाजे बंद असतात, सगळीकडे बर्फ असतो, तेव्हाही हे पाणी असेच चालू असते. आत्याने नुसती मान हलवली. रांगेत उभे राहिल्यावर पुष्कळ वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "कुनी न्हायाला नसताना."

त्या बोलण्यात आश्चर्य किती होते, तक्रार किती होती आणि हळहळ किती होती, हे मला तेव्हा उमगले नाही आणि आजही नीटसे सांगता येणार नाही. आमच्या गटातले इतर लोक अजून भेटले की तप्तकुंडाच्या उबेविषयी बोलतात, नीळकंठ शिखरावर पडलेल्या पहिल्या उन्हाविषयी बोलतात. मला मात्र तो प्रश्नच आठवतो, कारण तो विचारणारीच्या घरी गरम पाण्याचा हिशेब कसा चाले हे मी लहानपणी फार जवळून पाहिले आहे.

आत्याचे गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या उतारावर आहे. गोदावरी तालुक्यातूनच वाहते, पण ती खाली. वर गावात एक आड होता आणि उन्हाळ्यात त्याने तळ दाखवला की शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणावे लागे. सुटीत आम्ही तिकडे जात असू तेव्हा अंगणातल्या चुलीवर भल्या पहाटे तांब्याचा हंडा चढलेला असे. जळण म्हणजे तुराट्या नाहीतर पळाट्या. तुराटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, तिला निखारा धरत नाही, त्यामुळे पाणी तापेपर्यंत चुलीपुढून कुणीतरी हलायचे नाही असा दंडक होता आणि ते कुणीतरी म्हणजे अर्थातच आत्या असे. आंघोळीची पाळी ठरलेली होती. आधी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मग पाहुणे आणि मग आम्ही पोरे. प्रत्येकाला एक चरवी कढत पाणी मिळे आणि त्यात विसण ज्याने त्याने आपल्या कातडीला मानवेल तेवढे घालायचे असे. विसण जास्त घातले की बादली भरते, हे पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. आम्ही ती युक्ती रोज करत असू आणि विसणाचे पाणीही आडातूनच शेंदून आणले आहे, हे आत्या न्हाणीच्या कुडाआडून रोज ओरडून सांगत असे. न्हाणीचे सांडपाणी शेवग्याच्या बुडाला जाई. हंड्याच्या तळाशी जे काही उरे त्यात सगळ्यांच्या शेवटी आत्या न्हात असे आणि तोवर चूल विझलेली असे.

तिला कधी कुणी विचारले नाही की, पाणी अजून गरम आहे का.

माहेराहून सासरी आल्यापासून तिने पाण्याची किंमत पावलांनी मोजली आहे. 1972 च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे आणि परतताना कामावरच्या टँकरचे उरलेले पाणी कळशीत धरून आणत असे. पुढे 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा ती टीव्हीसमोर बसून ते दृश्य पाहत होती आणि गाडीच्या टाक्यांतून होणाऱ्या गळतीकडे बोट दाखवून, "तिथं कुनी बादली लावना का," असे म्हणत होती. अशी बाई चारधाम यात्रेला गेली, तर तिला देव आधी दिसेल की मोरीतून वाहून जाणारे पाणी, हे मी आधीच ओळखायला हवे होते.

खरे तर त्याची सुरुवात बद्रीनाथच्याही आधी, यमुनोत्रीला झाली होती. जानकीचट्टीपासून वर आत्या खेचरावर आणि मी चालत, असे आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन होते, पण सावलीत गेले की बोटे वाकडी होत होती. यमुनोत्रीचे मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,300 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या शेजारीच सूर्यकुंड नावाचे लहानसे कुंड आहे, ज्याच्या पाण्याचे तापमान 88 अंश सेल्सिअसच्या आसपास सांगतात. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी 89 अंशांच्या जवळपासच उकळते, म्हणजे सूर्यकुंडाला उकळी फुटायची तेवढी बाकी आहे. तिथे भाविक तांदूळ फडक्यात बांधून दोरीने कुंडात सोडतात आणि शिजले की प्रसाद म्हणून घरी नेतात. फडक्यातल्या तांदळाच्या तयार पुरचुंड्या विकायलाही असतात. पण आत्याने गंगाखेडहून निघतानाच आपल्या जुन्या साडीच्या तुकड्यात दोन मुठी तांदूळ आणि चार लहान बटाटे बांधून घेतले होते. ती पुरचुंडी तिने कुंडात सोडली आणि दोरीचे टोक धरून काठावर बसली. सवयीने तिचा दुसरा हात कुंडाच्या बुडाशी, जिथे चुलीत जळण सारायची जागा असते तिथे गेला आणि नुसत्या दगडावर फिरून परत आला. थोड्या वेळाने तिने पुरचुंडी वर ओढली, एक शीत बोटांत चेपून पाहिले आणि निकाल दिला, "कनी राहिली." उकळत्या पाण्यातही इथे भात लवकर शिजत नाही, कारण इथली उकळीच घरच्यापेक्षा थंड असते, असे मी तिला समजावू लागले, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी गप्प बसून बटाटा सोलायला घेतला. बटाटा मात्र झकास शिजला होता. तोंडात टाकल्यावर त्याला किंचित मातकट, धातूसारखी चव होती आणि थंडीत त्याची वाफ नाकात जात होती. यात्रेत खाल्लेल्या सगळ्या पदार्थांत मला तोच आजही आठवतो.

बडकोटकडे उतरताना बसमध्ये आत्याने खिडकी बंद केली आणि मूळ प्रश्न काढला. "खाली जाळ कोन घालतंय?" यात्रेतल्या एका गृहस्थांनी मागच्या बाकावरून ज्वालामुखी असे उत्तर दिले आणि ते चुकीचे होते. हिमालयातल्या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकांच्या भेगांतून खोल मुरत जातो. जमिनीच्या पोटात जितके खाली जावे तितकी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंश, आणि हिमालयासारख्या झपाट्याने वर उचलल्या गेलेल्या प्रदेशात खोलवरचे तापलेले खडक पृष्ठभागाच्या अधिक जवळ आलेले असल्यामुळे कित्येक ठिकाणी त्याहूनही जास्त. भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटा देत असताना इथले खडक मैलोन्‌मैल फाटले आहेत. खोल जाऊन तापलेले पाणी त्या फटींतून वर चढते आणि वाट मोकळी असल्यामुळे निवायला त्याला सवड मिळत नाही. पाऊस पडल्यापासून ते पाणी वर येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. मी हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. आत्याने त्यातून नेमके दोन मुद्दे उचलले. "म्हंजी जाळ कुनी घालत न्हाई." नाही, मी म्हणाले. "आन त्यो इझतबी न्हाई."

मग तिने परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात असणारा प्रश्न विचारला, तो असा की, आपल्याकडे तीनशे फूट बोअर मारले तर नुसता फुफाटा का निघतो. याचेही उत्तर खडकातच आहे. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचा घट्ट काळा पाषाण पाणी पीत नाही, पाणी राहते ते त्याच्या चिरांत, झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात. बोअर चिरेवर बसले तर पाणी, हातभर बाजूला सरकले तर धूळ. ते ऐकून ती गप्प झाली आणि मला वाटले की विषय संपला. पण उत्तरकाशीच्या अलीकडे कुठेतरी तिने मला कोपराने हलवून जागे केले आणि विचारले, "वस्तीवरच्या सहाशे फुटी बोरचं पानी थंडीत कोंबट लागतंय. ते ह्याच जाळाचं का?" मी म्हणाले, काही अंशी होय, त्याच उष्णतेचे. तिचा चेहरा खुलला. आपल्या काळ्या रानाखालीही तोच जाळ आहे, फक्त वर यायला त्याला वाट नाही, ही गोष्ट तिला यमुनोत्रीच्या दर्शनाइतकीच मोलाची वाटली असावी, कारण पुढे गंगोत्री आणि केदारनाथच्या मुक्कामांत भेटेल त्या मराठी माणसाला ती आपल्या बोअरची हकिकत सांगत होती.

तप्तकुंडाला अग्नीचे स्थान मानतात आणि बद्रीनारायणाच्या दर्शनाआधी तिथे स्नान करण्याचा प्रघात आहे. बायकांचे कुंड वेगळे आणि चारही बाजूंनी झाकलेले आहे. आत शिरताच वाफेने चष्मा आंधळा होतो, ओल्या दगडाचा, खोबरेल तेलाचा आणि गंधकाचा मिसळलेला वास येतो आणि तेलुगू, गुजराती, बंगाली, राजस्थानी अशा सगळ्या भाषांत बायका एकमेकींना एकच गोष्ट सांगत असतात, की एकदम उतरू नका. बाहेर अंगावरचे कपडे काढणे हीच मोठी शिक्षा असते आणि आत पाऊल घालताच ती थंडी हवीशी वाटू लागते. पाणी 45 अंशांच्या आसपास असते असे म्हणतात. पोटरीपर्यंत उतरल्यावर कातडीला मुंग्या आल्यासारखे झाले, गुडघ्यांवर चटका बसला आणि मी पुन्हा एक पायरी वर आले. आत्या काठावर उभी राहून इकडेतिकडे पाहत होती. "विसन कुठाय?" तिने मला विचारले. भिंतीपलीकडे अख्खी अलकनंदा गर्जत चालली होती आणि इथे घोटभर थंड पाणी मिळण्याची सोय नव्हती. शेवटी एका वयस्क गुजराती बाईने आपल्या लोट्याने आत्याच्या पायांवर, मग मांड्यांवर, मग पाठीवर सावकाश पाणी घातले आणि हात धरून तिला खाली घेतले.

ती गळ्यापर्यंत बुडाली तेव्हा तिने डोळे मिटले. लुगडे पाण्यावर फुगून तिच्याभोवती पसरले होते, हातांवरचे गोंदण पाण्याखाली मोठे दिसत होते आणि तिचे ओठ किंचित उघडे होते. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला गरम पाणी आजवर तांब्यातांब्याने मिळाले होते, अंगावरून ओघळून जाण्यापुरते. गरम पाण्यात बसणे ही गोष्ट तिच्या देहाला नवी होती. मला वाटले, आता हिने इथे हवे तितके बसावे, कुणी हाक मारू नये. त्याच वेळी मला तिच्या रक्तदाबाची धास्तीही वाटत होती, कारण कढत पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो आणि इतक्या उंचीवरच्या विरळ हवेत उठताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो. म्हणजे मी तिच्या सुखाकडे पाहत होते आणि मनातल्या मनात मिनिटेही मोजत होते. पण मला काही बोलावे लागले नाही. पायरीवर बायका ताटकळलेल्या पाहून ती आपणच उठली. "दुसऱ्याला जागा नको का," असे म्हणत ती बाहेर आली, लालबुंद झालेल्या पायांनी. तिचा हा उतावळेपणा मला खुपला. पाळी संपण्याआधी उठायची सवय तिला हिमालयातही सोडवत नव्हती.

पुजाऱ्याने आत्याला दिलेले उत्तर खरे होते, पण पुरते नव्हते. केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडाला आम्ही थांबलो होतो, तिथे 2013 च्या जूनमधल्या पुराने जुने कुंड उद्ध्वस्त केले. हिमाचलात सतलजच्या काठचे तत्तापानीचे झरे कोल धरणाच्या जलाशयाखाली गेले आहेत. खालचा जाळ विझत नाही हे खरे. वरचे कुंड मात्र नदी, दरड किंवा धरण यांच्या तडाख्यात सापडू शकते. आत्याला मी हे सांगितले नाही.

यात्रेहून परतल्यावर मला स्वतःचीच गंमत वाटू लागली. मी नांदेडला राहते. गरम पाण्याचे झरे पाहायला मी दीड-दोन हजार किलोमीटर गेले आणि माझ्याच जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर आहे, हे ठाऊक असूनही मी कधी तिकडे फिरकले नव्हते. आमच्या घरात उनकेश्वरचे नाव निघे ते अंगावर काही उठले की. कुणाला नायटा, कुणाला खरूज, कुणाला चट्टे. मग मोठी माणसे आवाज खाली आणून म्हणत, उनकेश्वरला न्या. त्यामुळे ती जागा माझ्या मनात सहलीच्या नव्हे, तर कुजबुजीच्या यादीत होती. लांबच्या कुंडात देहाचे पाप धुतले जाते आणि जवळच्या कुंडात देहाचा रोग, अशी काहीशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. त्यातले पाप दिसत नाही, म्हणून ते कुंड स्वच्छ वाटते.

पुढच्या हिवाळ्यात गेले. भोकर मागे पडले, हिमायतनगर मागे पडले आणि इस्लापूरच्या पुढे मराठवाड्याचा सपाट, उघडा चेहरा बदलू लागला. दोन्ही अंगांना सागाचे रान, त्याची ताटाएवढी पाने रस्त्यावर वाळून पडलेली, मधूनच बंजाऱ्यांचे तांडे, गोंडांचे पाडे आणि दूरवर माहूरच्या डोंगरांची निळी रेघ. या भागात दख्खनच्या काळ्या पाषाणाचे आवरण पातळ होत जाते आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक वर दिसू लागतात. आत्याच्या रानाखालच्या जाळाला बालाघाटात जी वाट मिळाली नाही, ती इथे मिळाली आहे, एवढे मला त्या रस्त्यावरून जाताना वाटून गेले. उनकेश्वरला महादेवाचे जुने दगडी मंदिर आहे आणि त्याच्या आवारात कुंडे आहेत. कथा अशी सांगतात की, शरभंग ऋषींना त्वचारोगाने ग्रासले होते, वनवासातल्या रामाने बाण मारून जमिनीतून हे पाणी काढले आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. खानदेशात चोपड्याजवळच्या उनपदेवलाही हीच कथा, हेच ऋषी आणि हाच बाण आहे. दोन्हींपैकी खरे कोणते, असा वाद घालणाऱ्यांना घालू द्यावा. कातडीने गांजलेली माणसे दोन्हीकडे होती, एवढे त्यावरून नक्की कळते.

पाण्याला गंधकाचा उग्र, किंचित कुजकट वास होता. बद्रीनाथची झोंबरी थंडी इथे नव्हती, त्यामुळे पाण्यात उतरताना तो चटकाही नव्हता. ऊब सावकाश अंगात शिरत होती. माझ्याशेजारी एक चाळिशीची बाई बसली होती. तिच्या कोपरांपासून मनगटांपर्यंत आणि मानेखाली सगळीकडे खवले धरलेले लालसर चट्टे होते. बहुधा सोरायसिस असावा. तो संसर्गाने होत नाही, हे मी जाणते, कुणी विचारले तर ठासून सांगेन. तरीही मी हातभर बाजूला सरकले होते आणि ते तिच्या लक्षात आले होते, किंवा आले नसेल. ती मोकळेपणाने बोलत होती. मूळची हिमायतनगरकडची, गेल्या वर्षीही येऊन गेलेली. थोड्या वेळाने तिने घासायचा दगड माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "बाई, तेवढी पाठ घासून द्या. माझा हात पुरत न्हाई."

दगड बाजूला ठेवून मी तळहातानेच घासली. ओल्या कातडीखाली तो खरखरीतपणा बोटांना लागत होता, कडा उचललेल्या ठिकाणी पातळ पांढरे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगत होते आणि ते आपल्याकडे येऊ नयेत, असे मला वाटत होते. हात मात्र थांबला नाही. "जोर लावा की," ती म्हणाली. मी विचारले, याने फरक पडतो का. खरजेवर डॉक्टर आजही गंधकाचे मलम देतात, तेव्हा या पाण्याला काही गुण नसेलच असे मी म्हणणार नाही, आणि पाण्याने सगळे बरे होते असेही म्हणणार नाही. तिला असल्या तोलून मापून बोलण्याची गरज नव्हती. "गोळ्याबी चालू हायत, मलमबी हाय. डाक्टर म्हनतो गोळ्यांनी उतरलं, सासू म्हनती पान्यानं. पार तोंडावर होतं, ते उतरलं. आता भांडू द्या त्या दोघांला."

मग तिने मागे वळून माझे हात, मान, खांदे नीट न्याहाळले. "तुमाला कुठं हाय?" मी म्हणाले, मला कुठे काही नाही, मी नुसती पाहायला आले आहे. तिला ते कोडे उलगडेना. मी पुन्हा तेच सांगितले. पायरीवर एक आई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन केव्हाची उभी होती. मुलीच्या पोटऱ्या फडक्यांनी गुंडाळलेल्या होत्या आणि ती फडकी सोडायला तयार होत नव्हती. शेजारणीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"मंग जरा उठा न् बाई," ती म्हणाली, "त्या लेकराला बसू द्या."